ग्रँड कॅन्यन सोडा पण हायवे १२ सोडू नका: युटाच्या लाल दऱ्यांतला आमचा प्रवास

अमेरिकेतल्या युटा राज्यात फिरून गोव्यात, फोंड्यात परत आल्यापासून भेटेल तो विचारतो, ग्रँड कॅन्यन कसा होता? गेलोच नाही म्हटलं की आग्र्याला जाऊन ताजमहाल न बघता आल्यासारखं बघतात. पण हे आम्ही ठरवून केलं होतं आणि पुढे जाणाऱ्यांनाही मी तेच सांगेन. लास व्हेगसहून गाडी घेऊन झायन, ब्राइस, कॅपिटॉल रीफ, मोॲब, मॉन्युमेंट व्हॅली, ॲरिझोनातलं पेज गाव आणि परत व्हेगस हा फेरा साधारण १७०० किलोमीटरचा होतो, नॅशनल पार्कांच्या आत फिरणं वेगळं. पत्रादेवी ते पोळें, म्हणजे अख्खा गोवा, लांबचा पल्ला मानणारी आपण माणसं, तरी नकाशावर सगळं जवळजवळ दिसतं म्हणून ग्रँड कॅन्यनचा साउथ रिमसुद्धा त्यात कोंबतो, मग मुक्कामाच्या रात्री कमी पडतात, मग इंटरस्टेट ७० हा महामार्ग धरून मोॲब गाठायचं ठरतं आणि नेमका हायवे १२ जातो. तो गेला तर एवढ्या लांब जायचं कशाला असं माझं स्पष्ट मत.

हा रस्ता पँग्विचजवळ सुरू होतो, ब्राइसवरून जातो आणि टोरी गावात संपतो, २०० किमी. न थांबता तीन-साडेतीन तास लागतील पण अख्खा दिवस द्या. एस्कलांटे गाव मागे पडलं की हेड ऑफ द रॉक्स म्हणून एक थांबा येतो, तिथून खाली बघितलं तर लांबवर नुसता उघडा खडक, पांढुरका, पिवळसर, मधेच गुलाबी, आणि त्यातून आपला रस्ता वळत वळत जाताना दिसतो. मग काफ क्रीक, तिथे धबधब्यापर्यंत चालायची वाट आहे पण वाळूतून जाऊन-येऊन चार तास जातात, आईमुळे आम्ही सोडली. आणि पुढे हॉगबॅक. डोंगराच्या धारेवरून रस्ता, दोन्ही बाजूंना खोल आणि बराच भाग कठड्याशिवाय. अनमोड, चोर्ला चालवलेल्याला वळणांचं काही वाटत नाही, पण आपल्या घाटात एका बाजूला तरी डोंगर असतो ना! भाऊ चालवत होता, आई मागून "हळू रे, हळू" करत होती आणि गाडी आधीच ताशी ३० मैलांवर होती.

त्याच्यापुढे बोल्डर, एवढंसं गाव, इथे १९३०च्या दशकातही टपाल खेचरांवरून यायचं. मग रस्ता बोल्डर माउंटनवर जवळजवळ २९०० मीटरपर्यंत चढतो आणि वाळवंट म्हणून टीशर्टवर निघालेली मंडळी पिवळ्या ॲस्पेनच्या झाडांत कुडकुडत फोटो काढत असतात (आम्ही सप्टेंबर संपता संपता गेलो होतो). जॅकेट डिकीत नको, सीटवर ठेवा. या पट्ट्यात गाई मोकळ्या सोडलेल्या असतात, काळोख पडला की हरणंही रस्त्यावर येतात, म्हणून दिवसाउजेडीच टोरीला पोचा.

टोरीला रात्र काढली की सकाळी कॅपिटॉल रीफ. या पार्कचं नाव कोणी घेत नाही म्हणून गर्दी कमी. लाल कड्यांच्या पायथ्याशी फ्रूटा म्हणून मॉर्मन पंथीयांची जुनी वस्ती होती, त्यांच्या फळबागा पार्कवाल्यांनी जपल्यात. जर्दाळू जून-जुलैत, मग पीच, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला सफरचंदं. ज्या बागेवर तोडायला परवानगीचा बोर्ड असेल तिथे झाडाखाली उभं राहून खाल्लेलं फुकट, बरोबर नेलं तर वजन करून पैसे पेटीत टाकायचे, बघायला कोणी नसतं. आईने काटा दोनदा तपासला आणि भावाला खिशातलं एक बाहेर काढून त्यात घालायला लावलं. तिथल्या गिफर्ड हाउसमध्ये छोटे फ्रूट-पाय (फळं भरून भाजलेले) मिळतात, ते सकाळी लवकर घ्या, नंतर संपतात.

झायन आणि ब्राइसबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे म्हणून थोडक्यात. झायनमध्ये शटल बस चालू असते त्या महिन्यांत मुख्य दरीत खाजगी गाडी नेता येत नाही, स्प्रिंगडेलमध्ये राहा आणि पहिल्या शटलने आत जा, ती फुकट आहे. एंजल्स लँडिंगच्या चढाईला २०२२पासून लॉटरीतून परमिट घ्यावं लागतं. ब्राइसकडे जाताना १९३०चा बोगदा लागतो, दोन किलोमीटरला थोडा कमी, मोठ्या गाड्यांवर तिथे बंधनं आहेत, त्यामुळे आरव्हीचा, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीचा मोह नको. बोगदा संपल्यावर चेकरबोर्ड मेसा बघायला थांबाच, अख्खा डोंगर म्हणजे एकेकाळच्या वाळूच्या टेकड्या दगड होऊन बसलेल्या, तिरप्या रेषा अजून दिसतात. रंग लोखंडाचा, आपल्या चिऱ्यांचा असतो तोच. ब्राइस २४०० मीटरच्या वर आहे, जिने चढताना दम लागतो. गुडघेवाल्यांसाठी सनराइज ते सनसेट पॉइंट कडेकडेने जवळजवळ सपाट, पक्की वाट आहे, आई तिथे निवांत फिरली आणि आम्ही खाली नवाहो लूप करून आलो. मोॲबला दोन रात्री पुरतात. तिथल्या आर्चेस पार्कला प्रवेशाची वेळ आधी बुक करायचा नियम येतो-जातो, निघण्याआधी पार्कच्या साइटवर बघा.

घड्याळाचा घोळ मात्र नीट समजून घ्या. युटा हे नेवाडाच्या कायम एक तास पुढे असतं आणि मार्च ते नोव्हेंबर ॲरिझोनाच्याही, कारण ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. पण त्याच ॲरिझोनातलं नवाहो नेशन, म्हणजे नवाहो आदिवासींचा स्वतःचा प्रदेश, करतं. म्हणजे मॉन्युमेंट व्हॅलीत दहा वाजले तेव्हा पेजमध्ये नऊ. पेजजवळची अँटिलोप कॅन्यन ही अरुंद दरी नवाहोंच्या जमिनीत आहे तरी तिथल्या टूर पेजच्या वेळेने सुटतात. आणि फोन कुठला टॉवर पकडेल त्याप्रमाणे वेळ दाखवतो, एकाच गाडीत दोन फोनवर दोन वेळा! हातातलं साधं घड्याळ पेजच्या वेळेवर लावून ठेवा. अँटिलोपला गाइडशिवाय सोडत नाहीत, बुकिंग बरंच आधी लागतं.

पावसाळा आपल्याला कळतो असं आपल्याला वाटतं, पण तिथला वेगळा. जुलै ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वादळी पाऊस पडतो आणि उघड्या खडकात पाणी मुरत नाही, लांब कुठेतरी पडलेलं सगळं अरुंद दरीत एकदम येतं, आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असताना. १९९७च्या ऑगस्टमध्ये लोअर अँटिलोपमध्ये असेच ११ जण गेले. झायनच्या नॅरोजमध्ये नदीतून चालायचं असेल तर त्या दिवसाचा पुराचा अंदाज व्हिजिटर सेंटरला विचारूनच उतरा. उलट पिण्याचं पाणी: माणशी रोज चार लिटर गाडीत हवंच. आपल्याकडे घाम निथळतो म्हणून तहान कळते, तिथे तो अंगावरच सुकतो आणि थेट डोकं दुखायला लागतं. खोबरेल तेल न्या, ओठ आणि टाचा दुसऱ्याच दिवशी फुटतात.

आता गाडीचं. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, वर्षभर चालतं, मूळ लायसन्सही बरोबर हवं. उजव्या बाजूने चालवायची सवय पहिल्या तासात होते पण चारही बाजूंना स्टॉप असलेल्या चौकात जो आधी येऊन थांबला तो आधी जातो, इथे हॉर्न मारून घुसायचं नाही. पंपावर मशीन पिनकोड मागतं आणि आपलं कार्ड घेत नाही, सरळ आत जाऊन किती डॉलरचं हवं ते सांगून पैसे भरा. हिरव्या हँडलला सहसा डिझेल असतं. अर्धी टाकी झाली की भरा, इंटरस्टेट ७०वर सलायना ते ग्रीन रिव्हर १७० किमीच्या आसपास एकही पंप नाही. नकाशे ऑफलाइन करून ठेवा, नेटवर्क तासन्‌तास नसतं.

पैशांत मोठा फरक पडलाय. आम्ही नॅशनल पार्कांचा ८० डॉलरचा वार्षिक पास घेतला होता, पण जानेवारी २०२६पासून बाहेरच्या देशातल्यांना तोच २५०ला आहे, आणि पास नसेल तर झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यनसकट ११ पार्कांत सोळा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला १०० डॉलर जादा. चौघांचा हिशोब करा, पासच परवडतो. मॉन्युमेंट व्हॅली आणि अँटिलोपला तो चालत नाही, ते नवाहोंचं. मॉन्युमेंट व्हॅलीतला २७ किमीचा कच्चा रस्ता साध्या कारने करण्याआधी भाड्याच्या गाडीचा करार वाचा.

आणि आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न. युटात दुकानात मिळते ती ५ टक्क्यांपर्यंतची बियर, त्याच्यावरचं सगळं फक्त सरकारी दुकानात आणि रविवारी ती बंद. गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के, अमेरिकेत सगळ्यात कडक, आणि नवाहो नेशनमध्ये दारू नेणंसुद्धा गुन्हा आहे, तेव्हा मोॲबला घेतलेली बाटली तिथेच संपवा. लहान गावांत रविवारी खाण्याची बरीच हॉटेलंही बंद असतात. आम्ही स्वस्तातला कूलर घेतला होता, दही, फळं, ब्रेड, उकडलेली अंडी त्यात, आणि रात्री मोटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये भात. मायक्रोवेव्ह आहे ना ते बुकिंग करतानाच बघून घ्या, टोरीला आमच्या खोलीत नव्हता आणि आई लोणचं-ब्रेड खाऊन झोपली.