तुम्ही विचारलंत म्हणून: हर्णैत मासे सोडून बघायचं काय?

मी दापोलीकडचा, त्यामुळे डिसेंबर लागला की कोणीतरी विचारतंच, "हर्णैला चाललोय, मासळीचा लिलाव तर बघणारच, पण मासे सोडून आहे काय तिथे?" दरवेळी फोनवर अर्धवट सांगतो, आता एकदाच लिहून टाकतो.

दापोलीहून १५-१६ किलोमीटरवर हर्णै. पोचल्यावर आधी कनकदुर्गावर चढा. किल्ला म्हणून फार काही उरलेलं नाही, थोड्या पायऱ्या, बुरूज आणि दीपगृह, बस. शेजारच्या फत्तेगडावर तर कोळ्यांची घरंच उभी राहिलीत. रस्त्यालगत गोवा किल्ला, त्याची तटबंदी अजून बरी आहे. पण कनकदुर्गावरून समोर बघा, किनाऱ्यापासून किलोमीटरच्या आतच पाण्यात सुवर्णदुर्ग दिसतो आणि अलीकडच्या पाण्यात नांगरलेल्या बोटीच बोटी. हर्णै म्हणजे हेच. खडक पाण्यात आहे म्हणून आडोसा आहे, आडोसा आहे म्हणून बोटी थांबतात, आणि पूर्वी इथेच आरमार थांबायचं म्हणून एका गावाला चार किल्ले. मासे आणि इतिहास असं वेगळं काढताच येत नाही हो.

कान्होजी आंग्रेंचं नाव मोठं झालं ते याच सुवर्णदुर्गापासून. पुढे त्यांचे चिरंजीव तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशव्यांचं बिनसलं आणि १७५५ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं (माझ्या मते मराठी आरमाराचं सगळ्यात मोठं नुकसान आपणच आपल्या हाताने केलं ते असं, यावर आमच्याकडे चहाच्या टपरीवर अजूनही भांडणं होतात). किनाऱ्यावर पेशव्यांचे रामाजी महादेव आणि समुद्रातून इंग्रजांचा कमोडोर विल्यम जेम्स. जेम्सने आधी पश्चिमेकडून तोफा डागल्या, पण त्या बाजूला तटाचा खालचा भाग चक्क कातळात कोरून काढलेला, त्याला काय होणार. मग तो जहाजं घेऊन किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात शिरला, आतलं दारूकोठार उडालं आणि किल्ला पडला. आज बोटी नांगरतात ते पाणी हेच. गंमत म्हणजे जेम्स वारल्यावर त्याच्या बायकोने लंडनमध्ये शूटर्स हिलवर १७८४ मध्ये एक तिकोनी मनोरा बांधला, त्याचं नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल', म्हणजे आपलाच सुवर्णदुर्ग. तो अजून उभा आहे.

होडी मिळाली आणि समुद्र शांत असला तर किल्ल्यात जरूर जा, दरवाजा किनाऱ्याच्या बाजूलाच आहे, पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीवर मारुती बघायला विसरू नका. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या १२ किल्ल्यांत हाही आहे.

आता लिलाव. संध्याकाळी चारनंतर या. इथे बोटी थेट किनाऱ्याला लागत नाहीत, लांब नांगरतात, माल छोट्या होड्यांतून अलीकडे येतो आणि तिथून बैलगाडीत. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे असतात, लाट आली की नुसती मान वर करतात, बाकी ढिम्म. ओल्या वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबी, म्हाकूळ यांचे वाटे पडतात, भोवती बायकांचं कोंडाळं, आणि बोली इतकी भराभर चढते की नवख्या माणसाला कुणी घेतलं तेच कळत नाही. व्यवहार मुख्यतः शेजारच्या पाजपंढरीच्या आणि हर्णैच्या बायकांच्या हातात. तुम्ही बोलीत पडू नका, बाजूला किरकोळ विकायला बसलेल्या मावशींकडून घ्या, घासाघीस करा पण मापात.

बोटी लागायला धक्का हवा ही मागणी आमच्या लहानपणापासून ऐकतोय. वादळाची सूचना आली की सगळ्या बोटींना आंजर्ल्याच्या खाडीत पळावं लागतं, आणि खाडीच्या तोंडाशी गाळ इतका की आत शिरणं हीच परीक्षा. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने आमच्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, ते दापोलीत कुणालाही विचारा.

आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. तेव्हा पावसाळ्यात येऊन लिलाव कुठाय म्हणून मला फोन करू नका, सुकी मासळी मात्र मिळेल, सोडे (सुकवलेली कोळंबी) घेऊन जा.