पायवाट आधी, नकाशा नंतर

मे महिन्यातली रात्र, साडेदहा वाजलेले. मोकळ्या जागांचे आराखडे करणाऱ्या आमच्या ऑफिसच्या चौघांना एक जीवशास्त्रज्ञ बाई ओढ्याकाठच्या पडीक जमिनीवर घेऊन गेल्या. एका बाजूला मालगाड्यांचे रूळ, दुसऱ्या बाजूला गोदामांचे दिवे. ‘आता बोलू नका,’ त्या म्हणाल्या. थोड्याच वेळात खडीतल्या डबक्यांमधून करकर सुरू झाली आणि वाढत वाढत सगळ्या जमिनीवर पसरली.

त्याच डबक्यांवर आठवडाभरापूर्वी मी नकाशात भराव दाखवला होता. व्हीलचेअर, बाबागाडी सहज जावी म्हणून.

तो आवाज क्रॉइत्सक्रोटेचा, म्हणजे पाठीवर पिवळी रेघ असलेल्या छोट्या भेकाचा. याला तळं नको, उथळ आणि लवकर आटणारं डबकं हवं. तिथे मासे नसतात, त्यामुळे पिल्लं वाचतात. सभोवती उघडी, तापणारी जमीनही हवी. म्हणजे अशी जागा नुसती सोडून दिली तरी भागत नाही. काही वर्षांत बर्चची झाडं दाटतात, सावली पडते आणि भेक निघून जातो. जमीन रानटी राहावी म्हणून झाडं तोडावी लागतात, हे पचायला मला वेळ लागला.

मी राहते जर्मनीत, डुइसबुर्गला. इथली एम्शर नदी शंभरहून अधिक वर्षं उघडं गटार होती. कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचायची, पुरलेले नळ फुटले असते. म्हणून 1899 मध्ये स्थापन झालेल्या एम्शर संस्थेने नदीच सरळ करून काँक्रीटच्या पात्रात घातली आणि सांडपाणी त्यातून सोडलं. लोक अशा ओढ्यांना ‘क्योटलबेके’ म्हणत, म्हणजे चक्क गुवाचा ओढा. खाणी उत्तरेकडे सरकल्या, जमीन स्थिरावली, तेव्हा कुठे 1992 मध्ये बदलाचं काम सुरू झालं. डॉर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंत 51 किलोमीटरचा भुयारी नळ टाकला. 2021 अखेर नदीत सांडपाणी येणं थांबलं. खर्च साडेपाच अब्ज युरोंच्या घरात गेला.

या कामात शिकायचं असेल तर गावातल्या लँडशाफ्ट्सपार्क या उद्यानात वारंवार जावं. तिथला लोखंडाचा कारखाना 1985 मध्ये बंद पडला. उद्यानाचे रचनाकार पेटर लाट्स यांनी लोखंड गाळायच्या झोतभट्ट्या पाडल्या नाहीत, त्यांच्यावर चढायला जिने दिले. खनिजाच्या कोठारांत बागा केल्या. मला सर्वांत आवडतो तो त्यांचा कालवा. कारखान्यातून वाहणारं जुन्या एम्शरचं सांडपाणी जमिनीखालच्या नळात गेलं आणि वरच्या पात्रात छपरांवरून येणारं पावसाचं पाणी खेळवलं. पात्र मात्र सरळच ठेवलं. नदी मुळातच अशी होती असं भासवण्यासाठी खोटी वळणं काढली नाहीत. एवढा प्रामाणिकपणा नकाशावर फार क्वचित दिसतो.

त्या रात्रीनंतर आम्ही रेघा मारणं थांबवलं आणि तीन महिने जमिनीवर कोण कुठून चालतं ते पाहिलं. पायवाटा आधीच होत्या. कुत्री फिरवणारे, कामाची पाळी संपवून घरी जाणारे कामगार, सायकलवरची मुलं, सगळे जुन्या रेल्वेच्या बांधावरून जात. आणि बांधाला चढ जवळजवळ नसतोच, कारण जड मालगाड्या तीव्र चढ चढत नाहीत! व्हीलचेअरचा रस्ता आयता मिळाला, डबक्यांपासून वर आणि दूर. भराव रद्द झाला.

बाक कुठे ठेवायचा यावर मात्र बरीच वादावादी झाली. मला तो पाण्यालगत हवा होता. शेजारच्या आजींना एकदा सोबत नेलं. त्यांचं बालपण याच ओढ्याकाठी गेलेलं, तो गटार होता तेव्हा, पण कुंपणाबाहेर. जिवाला धोका असल्याच्या पाट्या तेव्हा जागोजागी असत. आता कुंपण नाही, पाणी स्वच्छ आहे, त्यांना ते ठाऊकही आहे. तरी काठापासून दहा पावलांवर त्या थांबल्या. मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, ‘इथून छान दिसतंय.’

बाक तिथेच बसवला, दहा पावलांवर. काठाशी एक मोठा दगड ठेवलाय, मुलं त्यावर बसून पाण्यात पाय सोडतात.