थांबा, भाव उतरेल

आमच्या घरात कोणतीही महाग वस्तू मनात आल्याबरोबर घेतली जात नाही. तिची आधी दोन-तीन दुकानांत चौकशी होते, मग जेवताना चर्चा होते आणि शेवटी ‘थांबा, भाव उतरेल’ या वाक्याने ती पुढच्या दिवाळीवर जाते. २ फेब्रुवारी २०२१ रोजी प्लेस्टेशन ५ हे टीव्हीला जोडून खेळ खेळायचे यंत्र भारतात विक्रीला आले, तेव्हा डिस्क लावता येणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती आणि माझा मुलगा आठवीत होता. त्याने ती किंमत भीतभीत सांगितली आणि मी म्हटले, ‘बारावी होऊ दे, तोवर निम्म्यावर येईल.’ लातुरात बारावीच्या नावाखाली काहीही पुढे ढकलता येते. आमच्या नात्यातली दोन लग्नेही ढकलली गेली आहेत.

माझे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. प्लेस्टेशन २ हे यंत्र २००० साली अमेरिकेत २९९ डॉलरला आले आणि २००९ मध्ये ते ९९ डॉलरला मिळू लागले. त्या काळी दर दोन-चार वर्षांनी तीच चिप अधिक लहान आकारात बनवता येत असे, सिलिकॉनच्या एकाच चकतीतून जास्त चिपा निघत आणि यंत्र जसजसे जुने होई तसतसे ते बनवणे कंपनीला स्वस्त पडत जाई. माझ्या पिढीचा ‘थांबा’ या शब्दावरचा विश्वास अशा अनुभवांतून आलेला आहे.

या वेळी मात्र गणित उलटे फिरले. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतात हेच प्लेस्टेशन ५४,९९० रुपयांवर गेले. निन्टेन्डोचे स्विच हे यंत्र २०१७ सालचे, म्हणजे या धंद्यात आजोबाच. पण त्याचे उत्तराधिकारी स्विच २ जून २०२५ मध्ये बाजारात येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तोच अमेरिकेत या आजोबांची किंमत ३०० वरून ३४० डॉलर झाली. मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स सिरीज एक्स हे असेच यंत्र २०२० मध्ये ५०० डॉलरला होते. ते २०२५ मध्ये दोनदा वाढून ६५० वर पोहोचले. चिप लहान करणे आता स्वतःच इतके खर्चिक झाले आहे की त्यातली बचत त्यातच जिरते, आणि अमेरिकेत आयातशुल्काची भर वेगळी. मुलगा या बातम्या मला रोज रात्री वाचून दाखवत असे. त्यात तक्रारीचा सूर मुळीच नसायचा, आणि तेच मला जास्त लागायचे.

भाव उतरण्याची वाट आम्ही पाहत होतो, तर औशाकडच्या आमच्या रानात दादा भाव चढण्याची वाट पाहत होता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला, तेव्हा दादाच्या घरात आदल्या हंगामातली पाच क्विंटल शिल्लक होती. त्या दिवशी ती विकली असती तर एक प्लेस्टेशन आले असते. अर्थात असा हिशेब तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार? अडत्यांमध्ये बारा हजारांची बोलणी चालली होती, म्हणून दादा थांबला आणि नवा माल येताच भाव जवळपास निम्म्यावर आला. २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. तो मिळाला असे धरले तरी ५४,९९० रुपयांसाठी दहा क्विंटलांच्या वर माल घालावा लागला असता. एकाच कुटुंबात दोन माणसे थांबली आणि दोघांच्याही वस्तू नेमक्या नको त्या दिशेने गेल्या.

शेवटी २०२५ च्या दिवाळीत दुकानात पाच हजारांची सवलत लागली आणि आम्ही यंत्र ४९,९९० रुपयांना घरी आणले. पावणेपाच वर्षे थांबून आम्ही वस्तू पहिल्या दिवसाच्या किमतीला घेतली होती, तरी पावती घडी करून ठेवताना ह्यांनी ‘बघ, उतरला की नाही भाव?’ असे विचारलेच. मी काही बोलले नाही. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत दादाचे निम्मे पीक पाण्याखाली गेले होते आणि भाऊबिजेला तो येणार होता. ते पांढरे धूड टीव्हीशेजारून हलवून कपाटात ठेवावे की काय, असेही माझ्या मनात येऊन गेले.

ते हलवायचे राहून गेले, कारण मुलाने सवलतीत एक खेळ विकत घेतला होता आणि तो इंटरनेटवरून उतरत होता. खेळ सुमारे १०० जीबीचा आणि आमच्याकडचा वेग वीस एमबीपीएसचा, म्हणजे अकरा तासांचे काम. दादा आला, पाटावर बसला, ओवाळून झाले आणि मग त्याचे लक्ष पडद्यावरच्या हळूहळू सरकणाऱ्या निळ्या रेघेकडे गेले.

‘हा तुमचा गेम काय?’ त्याने भाच्याला विचारले.

‘हो मामा. अजून सहा तास लागतील.’

आम्हा भावंडांचा ‘टीव्ही गेम’ १९९६ सालचा. निन्टेन्डोने १९८३ मध्ये जपानात आणलेल्या फॅमिकॉम यंत्राची ती कुठेतरी झालेली नक्कल होती. पिवळ्या कॅसेटवर ९९९९९९९ खेळ असल्याचे छापलेले होते. प्रत्यक्षात पाच-सहाच निघाले आणि उरलेले त्यांचीच रूपे होती. त्यातला मारिओचा मूळ खेळ अवघ्या ४० केबीचा, म्हणजे आज उतरत असलेल्या खेळात तसे पंचवीस लाख मावतील. तो इतका काटकसरी होता की आकाशातला ढग आणि जमिनीवरचे झुडूप हे एकच चित्र नुसता रंग बदलून वापरलेले होते. पण त्यात खेळ जपून ठेवण्याची सोय नव्हती. दादा एकदा आठव्या जगापर्यंत, म्हणजे शेवटच्या टप्प्यापर्यंत, पोहोचला आणि लाईट गेली. ती रात्री अकराला आली, तेव्हा मारिओ पुन्हा पहिल्या जगाच्या दारात उभा होता. कॅसेट चालली नाही की दादा तिच्या तोंडाशी फुंकर मारून ती परत बसवत असे. खरे तर फुंकरीतल्या ओलाव्याने तिचे धातूचे दात खराबच होतात आणि काम होते ते काढून पुन्हा बसवल्यामुळे. पण हे त्याला सांगायचे धाडस मला आजही नाही.

दुपारी चारला लाईट गेली. दादा माझ्याआधी हळहळला, ‘गेलं का रे सगळं?’

‘नाही मामा. लाईट आली की जिथं थांबलं तिथून पुढं सुरू होतं.’

दादाचा त्यावर विश्वास बसला नसावा. तो उठला, त्या पांढऱ्या यंत्राभोवती वाकून सर्व बाजूंनी पाहिले, डिस्कच्या फटीवरून बोट फिरवले आणि भाच्याकडे वळून विचारले, ‘पण मग याला फुंकर कुठून मारायची?’