‘फॉरएव्हर ब्लू’ची व्हायोलिनं: कागदावरून तारांवर

स्विंग आउट सिस्टर या ब्रिटिश पॉप ग्रुपच्या ‘कलायडोस्कोप वर्ल्ड’ अल्बममधल्या ‘फॉरएव्हर ब्लू’ या गाण्याचे तंतुवाद्यांचे भाग कानाने उतरवायचे आणि सांगली-मिरजेतल्याच वादकांकडून वाजवून घ्यायचे, हा माझा सध्याचा उद्योग. उतरवणं बऱ्यापैकी झालंय, वाजवणं आता सुरू झालंय.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं. मँचेस्टरच्या या ग्रुपचा १९८७चा पहिला अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला होता. सिंथ, प्रोग्रॅम केलेले ड्रम आणि वर कोरिन ड्रूरीचा आवाज. ‘कलायडोस्कोप वर्ल्ड’ हा दुसराही त्याच साच्यातून काढला असता तरी चालून गेला असता. पण ड्रमर मार्टिन जॅक्सन बाहेर पडला, ड्रूरी आणि कीबोर्डवाला अँडी कॉनेल दोघंच उरले, आणि १९८९मध्ये त्यांनी थेट साठच्या दशकातल्या बर्ट बॅकरॅक या अमेरिकन संगीतकाराची वाट धरली. ‘फॉरएव्हर ब्लू’च्या ऑर्केस्ट्रेशनला, म्हणजे वाद्यांसाठी भाग लिहायला, तर खुद्द अमेरिकन गीतकार-संगीतकार जिमी वेब. इझी लिसनिंग म्हणजे हॉटेलच्या लॉबीतलं संगीत असं नाक मुरडणाऱ्यांनी हे गाणं एकदा हेडफोनवर ऐकावं, मग बोलू.

उतरवताना आधी जुनी युक्ती केली: स्टिरिओचा एक चॅनल उलटा करून दुसऱ्यात मिसळायचा. दोन्हींत सारखं असलेलं, म्हणजे मधोमध ठेवलेला आवाज आणि बास, बरंचसं गळून जातं आणि कडेचे सूर वर येतात. आवाजाचा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, मात्र भुतासारखा मागे राहतो. मग डेम्यूक्स हे गाण्यातले आवाज वेगळे करणारं सॉफ्टवेअर चालवलं. ते ड्रम, बास आणि गळा छान वेगळा काढतं, पण उरलेलं सगळं एकाच फाइलमध्ये कोंबतं. त्यात व्हायोलिन कुठलं आणि सिंथ कुठला, हे शेवटी कानानेच ठरवावं लागलं. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो निम्मा करून, एकेक ओळ म्हणून बघत.

इथे हिंदी सिनेमा कामाला आला. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत सेबॅस्टियन डिसोझांनी गायकाच्या मागे जी व्हायोलिनं चालवली, ती ऐकत वाढलेल्या कानाला वेगळं शिकवावं लागत नाही. गळा थांबला की तारा काय बोलतात तिकडे तो आपोआप वळतो.

खरी मजा मिरजेत आली. माझा व्हायोलिनवाला मित्र हिंदुस्थानी पद्धतीचा. मांडी घालून बसणार, तारा सा-प-सा-प लावणार. पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन त्याच्या काही कामाचं नाही, म्हणून त्याचा भाग भातखंडे पद्धतीने, सा-रे-ग-ममध्ये लिहून दिला. सूर चोख लागले, पण प्रत्येक दोन सुरांमध्ये मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं! एकट्याने वाजवलं तर जीव ओवाळून टाकावा असं, पण पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या दुसऱ्या व्हायोलिनशेजारी ठेवलं की दोघं वेगवेगळ्या गाण्यात. “मींड काढली तर त्यात उरतं काय?” हा त्याचा सवाल. उरतो तो गज, म्हणजे तारांवर फिरवायची काठी. दोघांचा गज एकाच वेळी, एकाच दिशेला फिरला की दोन व्हायोलिनं चारांसारखी वाजू लागतात. हे मी पाच मिनिटं समजावत बसलो, त्याला पटलं मात्र रेकॉर्डिंग ऐकूनच.

आणि मींडेवरून मी कितीही कुरकुर केली, तरी मित्राच्या तारा लावण्याच्या पद्धतीनेच व्हायोलाची (व्हायोलिनपेक्षा थोड्या मोठ्या, खालच्या सुरांच्या वाद्याची) अडचण बरीच सोडवली. व्हायोला वाजवणारं आमच्या ओळखीत कोणी नाही, आणि तिची ओळ व्हायोलिनच्या सगळ्यात खालच्या ‘जी’ तारेच्याही खाली उतरते. मित्राची सगळ्यात खालची तार ‘जी’पेक्षा खालीच लावलेली असते. तळाचे थोडे सूर सोडले तर व्हायोलाची ओळ आता त्याच्याकडे.

चेलो, म्हणजे याच घराण्यातलं खर्जाचं मोठं वाद्य, तूर्त कीबोर्डवर आहे आणि प्लॅस्टिकसारखा वाजतोय. पुढच्या बैठकीत क्लिकवर (हेडफोनमधल्या ठरावीक लयीच्या टिकटिकीवर) एकेक ओळ आळीपाळीने रेकॉर्ड करणार आहोत. व्हायोलिनची प्रत्येक ओळ दोनदा वाजवून घेऊन त्या फाइली घरी एकमेकींवर चढवीन. चेलोसाठी कोणी चांगलं सॅम्पल (कीबोर्डवर वाजवता येणारे खऱ्या वाद्याचे रेकॉर्ड केलेले सूर) वापरत असेल तर नाव सुचवा, पण संथ गज नीट वाजणारं हवं.