आमची वाटचाल : तीन की आठ?

इंदूरच्या सियागंज बाजारात 'मराठे की गाडी' म्हटलं की आजही आमचीच गाडी समजतात. २००६ मध्ये पहिला छोटा हाथी (टाटा एस, माल वाहायची छोटी गाडी) घेतला, तेव्हा टाटाचा हा मॉडेल बाजारात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. अर्धे पैसे माझे, अर्धे आतेभावाचे. तो गाडी चालवायचा, मी मागे पोत्यांवर बसायचो, कारण पहिली दोन वर्षं वेगळा हमाल परवडतच नव्हता. मागच्या फाळक्यावर पेंटरकडून 'श्री गजानन प्रसन्न' लिहून घेतलं, पिवळ्यावर लाल. पेंटरने पन्नास रुपये जास्त मागितले म्हणून मी भांडलो होतो. नंतर वाटलं, पाचशे द्यायला हवे होते.

एकाच्या पाच गाड्या झाल्या. आतेभाऊ २०१७ ला पुण्याला गेला, हिशेब गोडीने मिटला. मधल्या वर्षांचं सांगण्यासारखं काही नाही : सकाळी देवास नाका, दुपारी सियागंज, संध्याकाळी छावणी.

सांगायचंय ते २०२२ चं. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक असल्याचा दाखला, दरवर्षी लागतो, हे धंद्यातल्याला सांगायला नको. आरटीओच्या कामांच्या एजंटाचा फोन आला, "भिया, तीन गाड्या पोर्टलवर लॉक आहेत. चालान पेंडिंग." किती? त्रेचाळीस! मला एकाचाही मेसेज नाही. कारण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीत, मोबाइल नंबर आतेभावाचा, तोही त्याने पुण्याला गेल्यावर बंद केलेला. पाच वर्षं त्या बंद नंबरावर चालानं येत राहिली. ही चूक माझीच.

फिटनेस नाही म्हणजे कायद्याच्या लेखी गाडीची नोंदणीच वैध धरत नाहीत. पुढे अपघात झाला तर विमा कंपनीशी झगडा ठरलेला. तिन्ही गाड्या सुदामानगरला घरासमोर उभ्या राहिल्या. दोन गाड्यांचे हप्ते चालू होते. आणि त्याच महिन्यात गल्लीतला दुसरा लोडिंगवाला (नाव घेत नाही, सियागंजवाले ओळखतील) दुकानोदुकानी सांगत फिरला की मराठ्याच्या गाड्या जप्त झाल्या. सात व्यापारी त्याच्याकडे गेले. त्यातले चार अजून परत आलेले नाहीत, आणि दिवाळीला मिठाई मात्र मागतात.

एजंट म्हणाला, सगळं भरून मोकळे व्हा. रात्री सतरंजीवर चालानांच्या प्रिंटा पसरून बसलो. पहिल्यांदाच नीट वाचल्या. आधी जी आली ती निमूट भरत आलो होतो. पूर्वी मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळेला दंड जास्तीत जास्त शंभर होता, मग कोण वाचतो! २०१९ च्या दुरुस्तीने ती मर्यादा पाचशे झाली, पुन्हा केल्यास पंधराशे. आपल्या मध्य प्रदेशाने ते लगेच लागू केलं नाही, पण सवय तिथेच बदलायला हवी होती.

तीन ढीग झाले. पहिला, आमच्या खऱ्या चुकांचा : जवाहर मार्गावर गाडी उभी, मागे ट्रॅफिक तुंबलेलं. कलम १२२, रहदारीला अडथळा. भरले. दुसरा, नो एंट्रीच्या वेळेत घुसल्याचा. ते कलम ११५, पार्किंगशी संबंध नाही. ड्रायव्हरला विचारलं तर तो जमिनीकडे पाहू लागला. तेही भरले.

तिसऱ्या ढिगात अकरा चालानं, एकाच गाडीची. बायकोने फोटो मोबाइलवर मोठा केला आणि म्हणाली, "अहो, आपल्या गाडीवर निळी तिरपाल कधी होती?" नव्हतीच. फाळक्यावर गजानन नव्हता, 'बुरी नजर वाले' होतं. नंबरचा शेवटचा आकडा हाताने रंगवलेला आठ, डावीकडचा रंग उडालेला, म्हणून तीन दिसायचा. आमचा तीन आहे. आठवाली गाडी कोणाची हे मला त्याच रात्री कळलं. तुम्हालाही कळलं असेल.

पण कळून काय होतं? पुरावा लागतो. इथे सेठजी. सियागंजातले खोपरा-मिरचीचे व्यापारी, आमचे पहिल्या दिवसापासूनचे गिऱ्हाईक. अफवा कानावर गेल्यावरही त्यांनी दुसऱ्याची गाडी लावली नाही, माल दोन दिवस गोदामात पडू दिला. त्यांचा मुनीम लाल कापडी बहीत (हिशेबाच्या वहीत) प्रत्येक गाडीचा नंबर, पोती आणि माल उतरल्याची वेळ लिहितो. घड्याळ पाहून लिहितो, अंदाजाने नाही. मी बहीची पानं मागितली तर सेठजी म्हणाले, "पन्ने नहीं, पूरी बही ले जा. फाड़ेगा तो मुनीम रोएगा."

अकरापैकी नऊ चालानांच्या वेळी आमची गाडी सेठजींच्या दारात होती. एकदा तर मल्हारगंजातलं चालान ११.२५ चं आणि बहीत ११.२० ला लाल मिरचीची चाळीस पोती. पाच मिनिटांत चाळीस पोती उतरवून मल्हारगंज गाठायला हेलिकॉप्टर लागेल.

चालान भरायच्या खिडकीवरचा माणूस म्हणाला, "पहले भर दो, बाद में देखेंगे." मी भरले नाहीत. भरलं म्हणजे गुन्हा कबूल, मग 'बाद में' काय पाहणार? ई-चालान पोर्टलवर तक्रार टाकली : आरसी, गाडीचे चारही बाजूंचे फोटो, चालानचा फोटो, बहीची पानं. सात रद्द झाली. उरलेल्या चारांसाठी कोर्टात उभा राहिलो, बही काखेत. मॅजिस्ट्रेट मॅडमनी आमच्या फाळक्याचा फोटो आणि चालानचा फोटो शेजारी ठेवून पाहिले. तीन सुटली. एक भरावं लागलं, कारण तो रविवार होता, मुनीम सुट्टीवर आणि फोटो धूसर.

आता कोणी विचारलं नाही तरी सांगतो. सगळ्यात आधी आरसीवर स्वतःचा मोबाइल नंबर आहे का बघा, आज, आत्ता. चालानवर रक्कम नंतर, कलम आधी वाचा. ऑगस्ट २०२१ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७ ए आहे : कॅमेऱ्याच्या चालानात गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही दाखवणारा फोटो, तारीख, वेळ, जागा आणि कलम हवं, नोटीसही पंधरा दिवसांत यायला हवी. या नियमात ज्या १३२ शहरांची नावं आहेत, त्यांत आपलं इंदूर आहे. नो पार्किंगची पाटी नसेल तर ड्रायव्हरने दोन्ही बाजूंचा रस्ता फोटोत घ्यावा, नुसती आपली गाडी नाही. क्रेनने उचलली तर कलम १२७ खाली क्रेनचा खर्च दंडाशिवाय वेगळा लागतो, त्याची पावती वेगळी मागा. आणि "साहेब, माल उतरवत होतो, पार्किंग नव्हतं" हे मी दोनदा कोर्टात म्हणून पाहिलं. एकदा चाललं, एकदा नाही. ड्रायव्हर सीटवर असला आणि फाळका उघडा असला तर चालण्याची आशा बरी.

फिटनेस मिळेपर्यंत एकोणीस दिवस गेले. सेठजी मागल्या वर्षी वारले. मुलाने कॉम्प्युटर आणलाय, पण आमच्या गाड्यांच्या वेळा मुनीम अजून बहीतच लिहितो.

तो दुसरा लोडिंगवाला अजून पटेल ब्रिजच्या तोंडाशी गाडी लावतो. हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय आता. त्याचा आठ आठासारखा दिसतो.