आमची वाटचाल : रुखवतापासून मुहूर्तापर्यंत

२०११ साली ठाण्यात नौपाड्यातल्या दोन खोल्यांत मी रुखवत करून द्यायला लागले. एका नवरीची आई म्हणाली, "ताई, लग्नाच्या दिवशीही तुम्हीच उभ्या राहा ना." राहिले. दोन हजार रुपये आणि साडी मिळाली. रिक्षा, चहापाणी आणि मदतीच्या दोन पोरींचे पैसे गेल्यावर साडीच काय ती उरली.

तिथून लग्नाची सगळी व्यवस्था बघायचं काम सुरू झालं. पुढची काही वर्षं आम्ही मंडपवाल्याकडून कमिशन घेत होतो. ते बंद केलं. कमिशन घेतलं की गाद्यांना वास येत असला तरी तोंड उघडता येत नाही. आता आमची फी वेगळी, पक्कं बिल, वर १८ टक्के जीएसटी. "बिल नको, थोडं कमी करा" हे अजून दर चौथं घर म्हणतं.

पाहुणे फुलांची आरास बघतात, आमचा जीव मात्र घड्याळात. पत्रिकेत मुहूर्त ११ वाजून ४२ मिनिटांचा आणि वसईचं वऱ्हाड घोडबंदर रोडला गायमुखच्या घाटात ट्रेलरमागे उभं! गुरुजी मंगलाष्टकं किती लांबवणार? मुळात नवरदेवच नाही. तेव्हापासून घोडबंदरवरून येणाऱ्यांना आम्ही निघायची वेळ दीड तास अलीकडची सांगतो. खोटं बोलतो, हो.

माझ्या खांद्याला एक खाकी पिशवी असते. सेफ्टी पिना, सुईदोरा, काडेपेटी, सुपाऱ्या, अक्षता, जास्तीच्या मुंडावळ्या, जानव्याची जोडी. एकदा अंतरपाटच घरी राहिला. मानपानातलं कोरं उपरणं उलगडलं, बोटानेच कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि दोन्ही मामांच्या हातात दिलं. व्हिडिओत कुणाला कळलेलं नाही.

रिसेप्शनला पावणेदहा वाजले की मी साउंडवाल्याशेजारी जाऊन उभी राहते. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम देशभराचा आहे. पण नवरदेवाच्या मित्रांना तो मीच काढलाय असं वाटतं.

एप्रिल २०२१ मध्ये लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी उरली. पंचवीस नावांची यादी करताना सख्खे काका गळायचे. त्या भांडणात मी कधीच पडले नाही. एका हॉलने मात्र आमच्या नावावर भरलेलं डिपॉझिट परत दिलं नाही. लग्नघरच्यांना ते आम्ही खिशातून, चार हप्त्यांत फेडलं. तारीख पुढे गेली तर कुणाचे किती पैसे कधी परत, हे तेव्हापासून आधी कागदावर लिहून दोन्हीकडच्या सह्या घेतो, मग नारळ फोडतो.

आज आम्ही चौघीजणी आहोत. तुळशीच्या लग्नानंतर जेवायलाही फुरसत नसते, चातुर्मासात बारशी आणि साठीशांती चालतात.

या वैशाखात त्या पहिल्या नवरीच्या मुलाची मुंज केली. भिक्षावळीआधीच बटूने जानवं खाजवून खाजवून तोडलं. पिशवीतली जोडी काढली, गुरुजींनी मंत्र म्हणून दुसरं घातलं, तर म्हणतो, "हेपण टोचतंय."