तुम्ही विचारलंत म्हणून : रस्ता सुधारला की अपघात का वाढतात?

निवृत्तीनंतर गावाकडे गेलो की पारावर एक प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, खड्डे होते तेव्हा पोरं जपून गाडी चालवायची. डांबर पडलं अन् माणसं मरायला लागली. मग दुरुस्तीवर एवढा पैसा घालून सरकारनं साधलं काय?" मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात शाखा अभियंता होतो, त्यामुळे उत्तर माझ्याकडूनच हवं असतं. विचारणाऱ्यांपैकी काहींच्या घरातला माणूस रस्त्यावर गेलेला आहे, म्हणून हा प्रश्न मी कधी झटकून टाकत नाही.

त्यांचं निरीक्षण खरं आहे. नवं डांबर पडलं की वेग वाढतो, आणि वाढलेल्या वेगात झालेली धडक जीव घेते. पण म्हणून खड्डे बरे, असं नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली १,८५६ खड्ड्यांमुळे. एकूण मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश ग्रामीण भागातले, अर्थात त्यात गावांजवळून जाणारे महामार्गही आले.

खड्ड्यांचा हा आकडा मला फार कमी वाटतो, आणि त्याचं कारण पंचनाम्यात आहे. फिर्यादीतली भाषा ठरलेली असते : "भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे वाहन चालवून..." एकटा दुचाकीस्वार घसरून गेला तर अनेकदा मृतावरच गुन्हा नोंदवला जातो. डांबराची कड तुटली होती, वळणावर झुडूप आडवं आलं होतं, पुलाला कठडा नव्हता, हे कागदावर येतच नाही. मग कुठल्या रस्त्याच्या देखभालीचा निधी अडला आणि तिथं किती माणसं गेली, याचा मेळ बसवणार कसा?

आता मूळ मुद्द्यावर येतो. देखभालीचा पैसा जीव वाचवतो, पण तो रस्त्याच्या कडेला खर्च झाला तर. आपल्याकडे तो बहुतेक सगळा मधल्या काळ्या पट्ट्यावर जातो.

ग्रामीण रस्त्याचं डांबर साधारण पावणेचार मीटर रुंद असतं, रहदारी कमी असेल तर तीनच मीटर. समोरून जीप आली की एकाला डांबर सोडून साइडपट्टीवर उतरावंच लागतं. म्हणजे साइडपट्टी हा रस्त्याचाच भाग आहे. दर काही वर्षांनी डांबराचा नवा थर पडतो आणि रस्ता वर येतो. कडेला मुरूम टाकून, रोलर फिरवून साइडपट्टी तेवढीच वर आणली नाही तर काठाला पायरी तयार होते. दुचाकीवाला समोरच्या गाडीला बघून खाली उतरतो, लगेच वर यायला बघतो, पुढचं चाक त्या पायरीला घासतं आणि तो रस्त्याच्या मधोमध पडतो. मागून येणाऱ्याला तेव्हा वेळच मिळत नाही. थर नवा, रस्ता गुळगुळीत, वेग जास्त आणि काठाला पायरी. पारावरच्या प्रश्नाचं उत्तर या चार गोष्टींत आहे.

याच्या उलटही होतं. कडेला माती आणि गवत साठत जातं, साइडपट्टी डांबरापेक्षा उंच होते आणि पावसाचं पाणी रस्त्यावरच थांबतं. डांबराचा खरा शत्रू पाणी. ते बारीक भेगांतून खाली उतरतं. खाली काळी माती असेल तर ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरचा थर जाळीदार तडकून खड्डा पडतो. हे थांबवायला मोठं यंत्र लागत नाही. फावडं, घमेलं आणि वेळेवर येणारा माणूस लागतो.

तो माणूस आपल्याकडे होता. त्याला मैलकुली म्हणत. त्याच्याकडे रस्त्याचा ठरावीक तुकडा असायचा. पावसात तो रस्त्याकडेची पाण्याची चारी मोकळी करायचा, मोरीत, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायच्या वाटेत, अडकलेल्या फांद्या काढायचा, छोटा खड्डा छोटा असतानाच भरायचा. माझ्या डोळ्यांदेखत आमच्याकडचे मैलकुली एकेक करून निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. पगार वाचला. मोऱ्या तुंबल्या. माझ्या मते ग्रामीण रस्त्यांचं याहून मोठं नुकसान दुसऱ्या कुठल्या निर्णयानं केलेलं नाही.

पैशाचं म्हणाल, तर कार्यालयात दोन आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात : ३०५४ आणि ५०५४. पहिलं लेखाशीर्ष, म्हणजे सरकारी हिशेबातलं खर्चाचं खातं, मुख्यतः देखभाल-दुरुस्तीचं, दुसरं नव्या भांडवली कामांचं. नव्या कामाचा पाठपुरावा करणारे पुष्कळ असतात, चारी साफ करण्यासाठी निधी मागायला मात्र कुणी येत नाही. त्यात तो निधी उशिरा हाती येतो, मार्चअखेरची घाई होते, आणि घाईत सगळ्यात सोपं काम म्हणजे डांबराचा थर. पुढं ऐन पावसात ओरड झाली की खड्ड्यांत मुरूम टाकतात. तो आठवड्यात वाहून जातो आणि मागं उरलेल्या सुट्या खडीवर दुचाकी घसरते.

चांगला नमुना नाही असं मात्र नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. तिच्यात बांधणाऱ्या ठेकेदाराकडेच पुढच्या पाच वर्षांची देखभाल असते, आणि त्या देखभालीत साइडपट्टी, झुडपं, फलक हे सगळं येतं. काम करून निघून जाता येत नाही, म्हणून बांधतानाही हात जरा सांभाळून चालतो. पाच वर्षं संपली की रस्ता राज्याच्या निधीवर येतो, आणि इथून पुढं बघायला हवं. कारखाना सुरू झाला की हलक्या रहदारीसाठी केलेल्या त्याच रस्त्यावरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर जाऊ लागतात. सगळ्यात आधी खचतात त्या कडा.

वेगाबद्दल लोक म्हणतात, गतिरोधक टाका. टाकावेत, पण रंगवलेले, आधी फलक असलेले. रातोरात घातलेला, पट्टे नसलेला उंचवटा अंधारात खड्ड्याइतकाच घातक. गावचा रस्ता महामार्गाला मिळतो ती जागा मला सर्वांत धोक्याची वाटते. तिथं गावच्या बाजूला रंगवलेला गतिरोधक आणि दोन्ही अंगांची वेडी बाभूळ छाटलेली, एवढं तरी कायम हवं. फरशी पुलाच्या कडेचे दगड चुन्यानं रंगवायला किती पैसे लागतात? संपूर्ण थराच्या खर्चापुढं ते काहीच नाहीत.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल निकषांप्रमाणे नसल्यामुळे कुणी मेला किंवा जायबंदी झाला, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. जिवाच्या मानानं रक्कम तुटपुंजी आहे. तरीही पंचनाम्याच्या वेळी रस्त्याच्या अवस्थेची नोंद करायला लावा, तुटलेल्या कडेचा फोटो जोडायला लावा. ती नोंद नसेल तर हे कलम उपयोगाचं नाही.

आणि पुढच्या वेळी गावात डांबर पडेल तेव्हा "थर किती जाड?" एवढ्यावर थांबू नका. अंदाजपत्रकात साइडपट्टीचा मुरूम धरला आहे का, आणि धरला असेल तर तो कुठून कुठपर्यंत पडला, हे विचारा. ठेकेदाराचं देयक निघतं झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या मोजमाप पुस्तिकेवरून, आणि तिची प्रत माहिती अधिकारात मागता येते. त्याच २००५ च्या कायद्यानं कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा नमुना घेण्याचा हक्कही तुम्हाला दिला आहे. अर्ज मराठीत चालतो, आणि तो कसा लिहायचा हे दाखवायला मी कधीही बसायला तयार आहे.